निमोवर आलेला आळ आणि ‘मिस केरळ’ची नोंद नसलेली कथा

मे २००३ च्या अखेरीस अमेरिकेत ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरून एक पिल्लू क्लाउनफिश पाणबुड्याच्या जाळीत सापडते, सिडनीतील एका दंतवैद्याच्या काचेच्या टाकीत जाऊन पडते आणि त्याचा बाप त्याला शोधण्यासाठी अख्खा समुद्र पालथा घालतो. माशाचे घर समुद्र आहे, टाकी नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा लोकप्रिय चित्रपट नसेल. त्यामुळे काही महिन्यांतच जी बातमी पसरली ती चक्रावून टाकणारी होती. मुले आईवडिलांकडे ‘निमो’साठी हट्ट धरत आहेत, क्लाउनफिशची मागणी कित्येक पटींनी वाढली आहे आणि त्यापायी प्रवाळभित्ती ओस पडत आहेत, असे वृत्तपत्रे लिहू लागली. या घटनेला ‘निमो परिणाम’ असे नावही मिळाले. पुढे ते शोधनिबंधांच्या प्रस्तावनांत शिरले, आणि एका निबंधाने दुसऱ्याचा हवाला देत ते रुजले.

या कथेत एक अडचण होती, ती कालक्रमाची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सागरी शोभिवंत जीवांच्या व्यापारावरचा मोठा अहवाल २००३ मध्येच प्रसिद्ध केला. त्यातील आकडे चित्रपटापूर्वीच्या वर्षांचे होते. जगभरात दरवर्षी दोन कोटींहून अधिक सागरी शोभिवंत मासे विकले जात होते आणि सर्वाधिक खपणाऱ्या जातींमध्ये क्लाउनफिश तेव्हाही होताच. चित्रपटाने या माशाला प्रसिद्धी दिली हे खरे, पण बाजारात तो आधीपासून मानाच्या जागी बसलेला होता.

याचा अर्थ पकडीने नुकसान झाले नाही असा नव्हे. फिलिपाइन्समध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे मासे पकडले जातात तिथे क्लाउनफिश आणि त्यांना आसरा देणारी समुद्रफुले, दोन्हींची संख्या लक्षणीयरीत्या कमी आढळली. समुद्रफूल गेले की त्यावर जगणाऱ्या माशालाही ठाव उरत नाही. नुकसान खरे होते, फक्त त्याचे कारण पडद्यावर सापडत नव्हते.

२०१७ मध्ये थेन मिलिट्झ आणि सायमन फोल यांनी ‘निमो परिणामा’चे पुरावे तपासले, तेव्हा या दाव्याखाली फारसे काही सापडले नाही. त्याआधीच, २०१६ मध्ये, ‘फाइंडिंग डोरी’ आला होता. यात नायिका निळ्या रंगाची ब्लू टँग होती आणि या वेळी संशोधक तयारीत होते. दिओगो व्हेरिसिमो व सहकाऱ्यांनी तीन गोष्टी मोजल्या: या माशाबद्दल इंटरनेटवर होणारे शोध, अमेरिकेत होणारी त्याची आयात आणि तिथल्या सार्वजनिक मत्स्यालयांना भेट देणाऱ्यांची संख्या. प्रदर्शनानंतर दोन-तीन आठवडे शोध वाढले. आयात आणि मत्स्यालयांची गर्दी यांत मात्र चित्रपटामुळे वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. लोकांचे कुतूहल जागे झाले, पण खरेदीपर्यंत पोहोचले नाही.

का, हे खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारा कोणीही सांगेल. क्षारतेचे प्रमाण, तापमान, गाळण यंत्रणा, प्रकाश यांचा खर्च आणि रोजची देखभाल हट्टाच्या पहिल्या आठवड्यातच उत्साह विझवते. शिवाय ब्लू टँग वाढून सुमारे एक फूट लांबीचा होतो. दिवाणखान्यातल्या टाकीत तो मावत नाही.

दोन माशांच्या जीवनक्रमातला फरकही इथे निर्णायक ठरतो. क्लाउनफिश समुद्रफुलाशेजारच्या खडकावर अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. पिल्ले दीड-दोन आठवड्यांतच स्थिरावतात. त्यामुळे टाकीत त्याची पैदास करणे तुलनेने सोपे आहे आणि हे तंत्र चित्रपटाच्या कितीतरी आधी हाती आले होते. (जाता जाता: मादी मेल्यावर जोडीतला नरच मादी बनतो, हा क्लाउनफिशचा खरा स्वभाव. पटकथाकारांनी तो सोयीस्करपणे बाजूला ठेवला.) ब्लू टँग मात्र अतिसूक्ष्म अंडी मोकळ्या पाण्यात सोडतो आणि त्याच्या अळ्या कित्येक आठवडे तरंगत राहतात. फ्लोरिडा विद्यापीठाला त्याची पिल्ले बंदिस्त पाण्यात वाढवण्यात पहिले यश मिळाले ते २०१६ मध्ये. तोवर बाजारातला प्रत्येक ब्लू टँग समुद्रातूनच आलेला होता.

भारतातही चित्रपटाकडे बोट दाखवण्याचा मोह जुनाच आहे. २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी घुबडांच्या वाढत्या मागणीचा संबंध ‘हॅरी पॉटर’शी जोडला होता. त्याच प्रसंगी प्रसिद्ध झालेल्या ट्रॅफिक इंडियाच्या अहवालात मात्र घुबडांच्या चोरट्या व्यापाराचे मुख्य कारण म्हणून जादूटोणा आणि अंधश्रद्धा पुढे आल्या होत्या. मथळे पॉटरला मिळाले.

माशांच्या बाबतीत मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने मत्स्यटाकी आणि शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम अधिसूचित केले. त्यांत क्लाउनफिशसह १५८ जातींच्या विक्रीवर व प्रदर्शनावर बंदी होती. व्यावसायिकांचा विरोध झाला आणि त्याच वर्षी ते नियम मागे घेतले गेले. देशातल्या प्रयोगशाळांनी ज्याच्या पैदाशीचे तंत्र साध्य केले होते, तोच क्लाउनफिश या यादीतले सर्वांत गाजलेले नाव ठरला होता.

याच काळात पश्चिम घाटातल्या एका माशावर जे गुदरले, त्याला कोणताही चित्रपट कारण नव्हता. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये एका देखण्या माशाचे वर्णन केले आणि मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचे नाव त्याला दिले. चंदेरी अंग, डोळ्यापासून मागे जाणारी लाल रेघ आणि तिच्याखाली काळी. केरळच्या चालियार, वळपट्टणम, चंद्रगिरी अशा नद्यांतला हा मासा सव्वाशे वर्षे अभ्यासकांपुरताच राहिला. १९९७ मध्ये सिंगापूरच्या शोभिवंत माशांच्या प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले आणि ‘मिस केरळ’ या नावाने त्याला परदेशी गिऱ्हाईक लाभले. चित्रपटगृहातल्या कोट्यवधी प्रेक्षकांनी क्लाउनफिशच्या बाबतीत जे केले नसावे, ते प्रदर्शनाच्या दालनात जमलेल्या मूठभर व्यापाऱ्यांनी केले, कारण त्यांच्याकडे पैसा, विमानमार्ग आणि तयार ग्राहक होते.

राजीव राघवन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले. त्यांत मोठा वाटा तिघांचा होता: मिस केरळ व तिची जवळची बहीण-जात, केरळचा चिमुकला पफर, आणि बोटिया स्ट्रायाटा हा पट्टेदार मासा. हा तिसरा कर्नाटकाबरोबरच कोल्हापूर परिसरातल्या नद्यांतही राहतो. मिस केरळसाठी त्याच वर्षी ‘सह्याद्रिया’ ही नवी प्रजाती स्थापन झाली. नाव सह्याद्रीचे मिळाले खरे, पण तोवर ती आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदली गेली होती.

केरळ सरकारने २००८ मध्ये पकडीवर निर्बंध घातले आणि काही महिने बंदीचे ठरवले. पुढच्या अभ्यासात दिसले की या माशाचा विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च असतो, आणि बंदीचे बहुतेक महिने त्याबाहेर पडत होते. अंड्यांवर आलेल्या माद्या खुल्या हंगामात सापडत राहिल्या. जो मासा पडद्यावर नव्हता, त्याच्या विणीचा काळ तपासायलाही उशीर झाला.

निर्यातीची मोजदाद तर त्याहून अवघड. सीमाशुल्काच्या वर्गवारीत गोड्या पाण्यातल्या सर्व शोभिवंत माशांना मिळून एकच सांकेतिक क्रमांक आहे. चालियारमधून पकडलेली मिस केरळ आणि तळ्यात वाढवलेला गप्पी तिथे एकाच रकान्यात मोजले जातात.