खेळ संपल्यावर

पाडव्याला द्यूत खेळण्याचा संकेत आपल्याकडे जुना आहे. त्या दिवसाला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. परंतु द्यूत म्हटले की प्रथम आठवते ती कौरवांची सभा, आणि तो खेळ रंगला होता की नाही, असे कोणी विचारीत नाही. त्या पटापायी माणसांचे काय झाले, हेच आपण विचारतो. खेळाची खरी पारख हीच, असे मला वाटते.

मोक्षपटाचेच पाहा. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. हाती असलेले जुने पट मात्र बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. सद्गुणाच्या शिडीने सोंगटी वर चढावी, आणि मोक्ष दोन घरांवर असताना अहंकाराच्या सापाने तिला गिळावे! त्या क्षणी काळजात जे चर्र होई, तोच पटाचा उपदेश. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ विलायतेत रुळला. तेथे आरंभी घरांवर तिकडच्या नीतीची नावे आली, पुढे तीही गळाली. उरली ती मौजेची सापशिडी.

आज मुलांच्या हाती व्हिडिओ गेम आहेत. मुले त्यांत रमतात म्हणून ते वाईट, किंवा रमतात म्हणूनच चांगले, हे दोन्ही निवाडे मला अपुरे वाटतात. पोलंडमध्ये २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा खेळ निघाला. साराएव्हो शहराला १९९२ ते १९९६ पर्यंत पडलेल्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात आपण सैनिक नसतो. वेढ्यातल्या एका पडक्या घरातली काही माणसे आपल्याला जगवायची असतात. भुकेपोटी एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याचे घर लुटता येते. पण लुटून परतलेला माणूस मनाने खचतो आणि खेळणाऱ्यालाही अपराधी वाटू लागते. २०२० साली पोलंडने हा खेळ शाळांतील मोठ्या विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक वाचनयादीत घेतला.

मी परभणी जिल्ह्यातला. मला यावरून १९४८ साल आठवते. रझाकारांच्या दहशतीने मराठवाड्यातली कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. १७ सप्टेंबर ही मुक्तिदिनाची तारीख आमच्या मुलांना पाठ असते. परंतु बैलगाडीत धान्य घालावे की आजारी आजीला निजवावे, शेजाऱ्याला सांगून निघावे की गुपचूप, हे पेच तारखेत मावत नाहीत. ते सांगू शकणारी माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत. दुसऱ्याचा पेच ऐकून थोडा कळतो. निर्णय आपल्यावर येऊन पडला म्हणजे पुरता कळतो. तो पेच पुढच्या पिढीच्या हाती देणारा एखादा खेळ कोणी रचला, तर मी त्याला इतिहासाच्या पुस्तकाशेजारी जागा देईन. पुण्यात घडलेला 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर खेळला गेला. तेव्हा हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

या दिवाळीत नातवंडे खेळ आटोपून फराळाला बसली, म्हणजे कोण जिंकले एवढे विचारून थांबू नये. खेळातल्या कोणाचे वाईट वाटले, हेही विचारावे.