कॉलेजच्या पहिल्या वर्षी ‘परिसराचं जीवशास्त्र’: नाटे परिसरात काय, कधी आणि कसं बघायचं?

राजापूर : अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या आपल्या मुलांना बेडकाची पचनसंस्था तोंडपाठ असते, पण घरामागच्या सड्यावर पावसाळ्यात फुलणाऱ्या चार फुलांची नावं विचारली की गाडी अडते. यात मुलांचा दोष नाही. पुस्तक सगळ्या राज्यासाठी एकच असतं, त्यात नाटे कुठून येणार? कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात मात्र ही संधी मिळते. ती कशी वापरायची, याची ही माहिती. विद्यार्थ्यांसाठी आहेच, पण पालक, मच्छीमार, बागायतदार यांनीही वाचावी, कारण मुलांचे खरे मार्गदर्शक तेच ठरणार आहेत.

अभ्यासक्रमात हे कुठे बसतं?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्याची आखणी करणाऱ्या समितीचे प्रमुख पुण्याचे डॉ. एरक भरुचा होते. त्या मूळ आराखड्यात ५० तासिका होत्या आणि त्यातल्या ५ क्षेत्रभेटीसाठी. गुण मात्र १०० पैकी २५ क्षेत्रभेटीला. आपल्या भागातली नदी, डोंगर, तळं बघा, साधी झाडं, कीटक, पक्षी ओळखा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि समाजाशी जोडलेलं काम यांनाही क्रेडिट आहेत. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. कोणत्या सत्रात किती क्रेडिट, हे कॉलेजागणिक वेगळं असतं. ते आपल्या प्राध्यापकांना आधी विचारून घ्या.

नाट्याला वेगळं काय आहे?

एकाच दिवसात पायी फिरून सडा, खाडी, खडकाळ किनारा, वाळूचा किनारा आणि मासळी बंदर बघायला मिळेल, अशी गावं फार नाहीत. नाटे त्यातलं एक. राजापूरची अर्जुना नदी खाडी होऊन इथे समुद्राला मिळते. उत्तर काठावर यशवंतगड, साखरी नाटे, मुसाकाजी आणि पुढे आंबोळगड. समोर जैतापूर.

१) सडा. जांभा हा चिऱ्याचा दगड आपल्या घराच्या भिंतीत आहे, तोच सड्यावर उघडा पडलेला असतो. माती जेमतेम बोटभर. उन्हाळ्यात तवा, पावसाळ्यात पाणथळ. अशा ठिकाणी टिकायचं तर झाडाला युक्ती हवी. सीतेची आसवे या निळ्या-जांभळ्या फुलांच्या रोपाला मातीखाली सूक्ष्म पिशव्या असतात, त्यात ते बारीक जीव पकडतं. दवबिंदू हे रोप पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरतं. कारण एकच, या मातीत नत्र कमी. कोकणच्या सड्यांपुरती मर्यादित असलेली पांढऱ्या फुलांची दीपकाडी पावसाच्या सुरुवातीला फुलते आणि उरलेलं वर्ष कंदाच्या रूपात जमिनीखाली काढते. म्हणजे मे महिन्यात सडा बघून ‘इथे काही नाही’ म्हणणं म्हणजे सुट्टीत शाळा बघून ‘इथे मुलं नाहीत’ म्हणण्यासारखं झालं.

सड्यावर फुरसंही असतं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारण्याबद्दल सरकार बक्षीस देत असे, इतकी त्यांची संख्या. म्हणून दगड हाताने उलटायचे नाहीत आणि बूट घातल्याशिवाय सड्यावर जायचं नाही.

२) खाडी आणि खारफुटी. कांदळ, तिवर, चिपी, मारांडी ही नावं घरातल्या मोठ्या माणसांना माहीत असतात. तिवराच्या पानावर मीठ साचतं, ते बोटाने पुसून बघा. खारं पाणी शोषून जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकायची ती सोय. चिखलातून वर आलेले टोकदार कोंब म्हणजे तिवराची श्वास घेणारी मुळं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं खाली पडतं. चिपीची पांढरी जात २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. चिखलात उड्या मारणारे निवटे आणि एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे मोजायला हीच जागा चांगली.

३) खडकाळ किनारा. ओहोटीला खडकावर आडवे पट्टे दिसतात. वरच्या पट्ट्यात ऊन सोसणाऱ्या बारीक गोगलगाई, मध्ये कालवं, खाली शेवाळ आणि डबक्यांतले जीव. कोण किती वेळ पाण्याबाहेर राहू शकतो, त्यावर हे पट्टे ठरतात.

४) वाळूचा किनारा. राजापूर तालुक्यात माडबन आणि वेत्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

५) बंदर. साखरी नाट्याच्या बंदरावर उतरणारी मासळी म्हणजे रोज उघडणारी प्रयोगशाळा. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट किती, केवढं, पोटात गाबोळी आहे की नाही, हे विचारून लिहिता येतं. राज्यात ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरलेली आहे, पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर. पट्टी घेऊन मोजा. मात्र मोजमाप घ्यायच्या आधी मासळीच्या मालकाची परवानगी घ्या, लिलावाच्या वेळी मध्ये उभं राहू नका.

कधी काय बघायचं?

- जून-जुलै : दीपकाडी, बेडकांचे आवाज, ओढ्यातून वर येणारे चढणीचे मासे. हे मासे अंडी घालायला चढतात. फक्त बघा, धरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात मच्छीमार जाळी दुरुस्त करत असतात. मुलाखती घ्यायला हा काळ चांगला.
- ऑगस्ट-सप्टेंबर : सड्यावरचा फुलांचा हंगाम.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : गवत वाळणं, फुलपाखरं, बंदरावरची मासळी.
- डिसेंबर-फेब्रुवारी : किनाऱ्यावर स्थलांतरित पक्षी, कासवं, आंब्याचा मोहोर आणि त्यावरचे कीटक.
- मार्च-मे : खडकाळ किनारा, कोरडा सडा.

भरतीचा हिशेब

खडकावर जायचं तर ओहोटीची वेळ कळायलाच हवी. जुने लोक तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाला तीनने गुणा, चारने भागा, साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ × ३ ÷ ४ म्हणजे सुमारे ३ वाजता भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी सर्वात जास्त मागे जातं. हा अंदाज आहे, निघण्याआधी भरतीचं वेळापत्रकही बघा. आणि पाणी चढू लागलं की काम कितीही बाकी असो, परत फिरायचं.

मोजायचं कसं?

महागडं साहित्य लागत नाही. सुतळी, चार खुंट्या, मोजपट्टी, वही आणि मोबाईल पुरे. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा, त्यातली एका जातीची रोपं मोजा. असे पाच चौकोन घ्या. समजा १२, ७, ०, १५ आणि ६ रोपं मिळाली. बेरीज ४०, म्हणजे सरासरी एका चौकोनात ८. तो शून्य गाळायचा नाही. ‘दिसलं नाही’ हीसुद्धा नोंदच आहे. फुलं दिसतात तिथेच चौकोन टाकला तर उत्तर खोटं येतं, म्हणून जागा आधी ठरवा, ठरावीक पावलं चालून आखा.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, हवामान, संख्या आणि फोटो हवा. गावातलं नाव, ते सांगणाऱ्याचं वय आणि उपयोग हेही लिहा. एकाच झाडाला दोन वाड्यांत दोन नावं असतात. शास्त्रीय नाव नंतर प्राध्यापकांकडून पक्कं करा. आयनॅचरलिस्टसारखं अ‍ॅप नाव सुचवतं, पण ते शेवटचा शब्द नव्हे. दुर्मिळ रोपाची किंवा कासवाच्या घरट्याची नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार कासवं, त्यांची अंडी, प्रवाळ, काही शंख-शिंपले उचलणं गुन्हा आहे. फोटो काढा, गोळा करू नका.

गावाला याचा काय फायदा?

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी याच मुद्द्यावर वाद झाला होता. कागदावर सड्याची बरीच जमीन पडीक दाखवली गेली, तर गावकऱ्यांचं म्हणणं होतं की इथे आंबा आहे, काजू आहे, गुरांचं चरणं आहे, खाली मासळी आहे. प्रकल्प हवा की नको, यावर गावात दोन मतं असू शकतात. पण जमिनीवर काय आहे, यावर दोन मतं असण्याचं कारण नाही. ते मोजलेलं नसेल तर बाहेरचा माणूस चार दिवस येऊन जे लिहील तेच खरं ठरतं.

जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. डॉ. माधव गाडगीळ यांनी ही नोंदवहीची पद्धत रुजवली. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही मागून बघा. तिच्यात आपल्या सड्यावरची फुलं आहेत का? खाडीतले निवटे आहेत का? नसतील तर विद्यार्थ्यांनी प्रकल्पाची एक प्रत कॉलेजला द्यावी आणि दुसरी ग्रामसभेत ठेवून समितीकडे द्यावी.

दरवर्षी एका तुकडीने त्याच चौकोनांत त्याच तारखांना मोजलं, तर पाच-दहा वर्षांत गावाकडे स्वतःची आकडेवारी जमेल. सड्यावर चिरेखाण आली, खाडीत भराव पडला किंवा मासळी घटली, तर नेमकं किती बदललं हे त्या वहीतून दाखवता येईल. सुरुवातीला एक सुतळी आणि एक वही पुरेशी आहे.