खुशाली सांगणारा तिसरा

1957 साली बृहन्मुंबईची हद्द उत्तरेला सरकली आणि दहिसर मुंबईत आले. त्याआधी ते नदीकाठचे गाव होते. कांदरपाडा, रावळपाडा, केतकीपाडा ही नावे अजूनही त्याची साक्ष देतात. विजेची गाडी मात्र महापालिकेच्या बरीच आधी पोहोचली होती. चर्चगेट ते बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण 1928 साली झाले आणि 1936 साली ते विरारपर्यंत गेले. पुढच्या काही दशकांत गिरगाव, दादर, लालबाग-परळच्या चाळींतून मराठी कुटुंबे याच रुळांवरून इकडे आली. मुले मोठी झाली, दोन खोल्या पुरेनाशा झाल्या, धाकट्या भावाचे लग्न ठरले, अशी त्यामागची कारणे. चर्चगेटपासून दहिसर 36 किलोमीटरच्या आसपास आहे. पण जिथे कठड्याला टेकून रोज बोलणे होत होते, तिथून उठून आलेल्या माणसाला हे अंतर परगावाइतकेच. कोणाकडे बाळ झाले, कोणाची बदली झाली, कोणाचे वडील गेले, हे आता आपोआप कळणार नव्हते. ते कोणीतरी कळवायला हवे होते.

हे ‘कोणीतरी’ कोण, याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही. दुरावलेल्या मित्रांच्या संपर्काचा इतिहास आपण साधनांचा इतिहास म्हणून सांगतो: आधी पत्र, मग फोन, मग मोबाइल. माझे म्हणणे असे की या साऱ्या काळात खुशालीची देवाणघेवाण फक्त दोघांची क्वचितच होती. मध्ये एक तिसरा माणूस असे, आणि आयुष्यातल्या ज्या बातम्या माणूस स्वतःहून सांगत नाही त्या पोहोचवण्याचे काम तो करत असे.

सुरुवात पोस्टकार्डापासून करू. ते 1879 साली पाव आण्याला मिळू लागले. उघडे कार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकत होता, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. कोकणातल्या घरी चाकरमान्याचे कार्ड आले की वाचता येणारा मुलगा किंवा खुद्द पोस्टमन ते ओटीवर मोठ्याने वाचून दाखवी. पत्राचा शेवटही तसाच घडलेला होता. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, म्हणजे मजकूर चारचौघांत वाचला जाणार हे गृहीतच. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदावर कोण आपली अडचण लिहील? म्हणून ‘इकडील सर्व क्षेम’ ही ओळ कर्ज झाले तरी लिहिली जाई आणि नोकरी गेली तरी. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुरासाठी चार बोटे जागा असे. तिथे तर पैसे कशासाठी आणि तब्येतीला जपा, एवढेच मावायचे. खरी हकीकत कागदाबाहेर राही. ती सुट्टीवर गावी निघालेला वाडीतला माणूस घेऊन जाई.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचा काळ या दृष्टीने पाहावा. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपात उतरले. पुढे हजारो घरांची कमाई कायमची थांबली. कोणी गावी परतले, कोणी उपनगरांत आणि त्याही पलीकडे वसई-विरारकडे सरकले. ‘माझे काम सुटले आहे’ असे कार्ड मित्राला लिहायला ज्याचा हात धजत नाही, त्याची स्थिती मित्राला कळायची ती गावकरी मंडळाच्या बैठकीत, एखाद्या लग्नाच्या पंगतीत, किंवा विरार गाडीतल्या ठरलेल्या डब्यात. सांगणारा तिसराच. त्याच्या सांगण्यामुळे मित्र न बोलावता घरी जाऊ शके, मदत न मागता देऊ शके, आणि ज्याला ती मिळाली त्याला मागण्याचा कमीपणा येत नसे.

दहिसरच्या नव्या इमारतींत हे काम शेजाऱ्याच्या फोनने केले. घरी फोन हवा तर अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. 1986 साली महानगर टेलिफोन निगम आल्यावरही रांग लगेच सरली नाही. मजल्यावर किंवा इमारतीत एखादाच फोन. लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर त्या शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे ‘पी.पी.’ लिहायची पद्धत होती. फोन वाजला की शेजारीण जिन्यातून हाक मारी आणि ऐकणारा धावत येई. बोलणे तिच्या दिवाणखान्यात, तिच्या समोर. ती ऐकत असे, यात लपवण्यासारखे काही नाही. पण मुलाखतीला गेलेल्या मुलाचा निकाल, बाळंतपणाला गेलेल्या मुलीची बातमी, गावच्या आजारी आईची अवस्था तिला माहीत असल्यामुळे फोन करणारा घरचे कोणी नसताना तिलाच विचारू शके, आणि ती सांगू शके.

या व्यवस्थेवर एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. तिसरा माणूस म्हणजे पाळत. सासरी आलेले मुलीचे पत्र आधी सासू फोडणार, तिने माहेरी लिहिलेले दुसऱ्याच्या हातून पेटीत पडणार. मैत्रिणीशी मनातले बोलायला तिला खासगी जागाच नव्हती. हे खरे आहे, आणि या कारणासाठी जुने दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. दूरच्या दोन जिवांत केवळ पत्रांवर मैत्री जुळू शकते, याचा दाखला आनंदीबाई जोशी आणि अमेरिकेतल्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी 1880 च्या दशकातच दिला. पण त्या मैत्रीचाही उगम पाहावा. पोस्टात नोकरीला असलेले आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे पत्र तिकडच्या एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले, ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी पत्र धाडले. पाळत ठेवणारा तिसरा आणि वाट जोडणारा तिसरा हे वेगळे आहेत. पहिला गेला हे चांगलेच झाले. त्याच्याबरोबर दुसऱ्यालाही आपण निरोप दिला, ही माझी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप आजचा. शाळेच्या वर्गाचे, जुन्या चाळीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले आणि तीस-चाळीस वर्षे न भेटलेली माणसे सापडली. लग्नानंतर आडनाव बदलल्यामुळे ज्यांचा पत्ताच लागत नव्हता अशा मैत्रिणी सापडल्या, हे तर फार मोठे काम झाले. ते मी मनापासून मान्य करतो. पण तिथे प्रत्येकजण आपली बातमी आपणच देतो, आणि आपण देतो ती बहुधा मुलाच्या पदवीची, नव्या घराची, परदेशच्या सहलीची. घटस्फोट, डायलिसिस, बुडालेला धंदा यांबद्दल माणूस गप्प होतो आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांत ते गप्प होणे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या ग्रुपमध्ये ते लक्षात येते, तिथे एखादा तरी माणूस असा असतो जो दोन महिने न बोललेल्याला स्वतःहून फोन लावतो आणि मग बाकीच्यांना सांगावे तेवढेच सांगतो. 26 जुलै 2005 च्या पुरात दहिसर नदी घरांत शिरली, गाड्या थांबल्या, मोबाइल बंद पडले. त्या रात्री मुंबईभर चालत निघालेल्या अनोळखी माणसांनी एकमेकांचे निरोप पोहोचवले. म्हणजे ही सवय मेलेली नाही, तिला रोजचे काम उरलेले नाही.

आणि ते काम पुन्हा निघते आहे. 1970-80 च्या दशकांतल्या दहिसरच्या इमारती आता पुनर्विकासाला जात आहेत. रहिवासी काही वर्षांसाठी मीरा रोडला, नालासोपाऱ्याला, मुलाकडे पुण्याला पांगतात. त्यांतले वयस्कर काही परत येतात, काही येत नाहीत. गिरगाव सोडताना जे एकदा घडले ते त्याच कुटुंबांच्या वाट्याला दुसऱ्यांदा येते आहे, आणि या वेळी जिन्यातून हाक मारणारी शेजारीणही दुसऱ्याच गावी भाड्याने राहते. दरमहा भाडे द्यायचे म्हणून प्रत्येकाचा नवा पत्ता बिल्डरच्या कार्यालयात नोंदलेला असतो. तोच पत्ता सोसायटीच्या वहीतही असावा, आणि महिन्यातून एकदा ती वही उघडून सर्वांना फोन करण्याचे काम कमिटीने एका सभासदावर रीतसर सोपवावे.