बाळांनीच निवडलेले जेवण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाळाचे जेवण घड्याळावर आणि डॉक्टरांच्या तक्त्यावर चाले. डॉ. एमेट होल्ट यांचे १८९४चे बालसंगोपनावरचे पुस्तक घरोघरी प्रमाण मानले जाई. काय, किती, केव्हा हे मोठ्यांनी ठरवायचे. बाळाने फक्त तोंड उघडायचे.

बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी हा क्रमच उलटा केला. अंगावरचे दूध नुकतेच सुटलेल्या बाळांवरचे त्यांचे निरीक्षण १९२८मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे शिकागोत काम वाढले आणि १९३९च्या अहवालात १५ मुलांची हकीकत आली.

बाळापुढे वेगवेगळ्या वाट्या मांडल्या जात. मांस, अंडी, फळे, भाज्या, दूध यांच्या सोबतीला अख्खा गहू, ओट, बार्ली, मका आणि रायची कुरकुरीत पोळी असे. साखर नाही, मैदा नाही; मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसे, पण आग्रह करत नसे. बाळाने वाटीकडे हात नेला, तरच घास. बोटांनी खायलाही पूर्ण मुभा होती.

प्रत्येकाची आवड निराळी निघाली, तरी सगळी मुले छान वाढली. मुडदूस झालेल्या एकाने कॉड माशाचे तेलही आपणहून घेतले.

या यशाचे श्रेय डेव्हिस यांनी केवळ बाळांच्या उपजत जाणिवेला दिले नाही. मांडलेले सारे अन्न साधे आणि सकस होते, ही निवड मोठ्यांचीच होती, असे त्यांनी आवर्जून नोंदवले.