कळवळा येतो कुठून?

बचत गटाच्या बैठकीत एखादीचा हप्ता चुकला की दोन आवाज उठतात. एकीचं म्हणणं, "नियम म्हणजे नियम." दुसरीचं, "आधी तिच्या घरचं काय ते बघा." हा दुसरा आवाज माणसात येतो कुठून? अठराव्या शतकात युरोपात यावर बराच खल झाला. त्यात भाग घेतलेल्या एका बाईंची ओळख आज आम्ही करून देतोय.

स्कॉटलंडच्या अ‍ॅडम स्मिथ यांनी १७५९ मध्ये नैतिक भावनांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याचं दुःख आपल्याला थेट जाणवत नाही; मनानं त्याच्या जागी उभं राहिलं की कळतं. फ्रान्सच्या सोफी द ग्रुशी यांनी हे पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं. १७९८ मध्ये ते छापताना सहानुभूतीवरची स्वतःची आठ पत्रंही त्यांनी जोडली.

स्मिथ यांनी सहानुभूतीचं मूळ शोधलं नाही, असं सोफीबाईंना वाटलं. त्यांना ते शरीरात सापडलं. आपल्याला कधीतरी दुखलेलं असतं, म्हणून दुसऱ्याचं दुखणं पाहून जीव कळवळतो. तान्हं बाळ दूध पाजणारीच्या आधारानं जगतं. दुसऱ्या माणसाशी त्याचं पहिलं नातं तिथंच जुळतं. पण पुढं ही भावना जोपासावी लागते. लहानपणी आईच्या मागोमाग आपण दुःखितांच्या पडक्या घरांत जायचो, हे त्यांनी पत्रात आवर्जून लिहिलंय. श्रीमंत आणि गरीब यांच्यात फार अंतर पडलं की ते एकमेकांना माणूस म्हणून पाहीनासे होतात, असंही त्या सांगतात. म्हणून नुसती दया पुरत नाही, कायदेही न्यायाचे हवेत.

सोफीबाईंनी स्वतः कमी सोसलं नाही. त्यांचे पती कोंदोर्से यांनी १७९० मध्ये स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क द्या, असं लिहिलं होतं. क्रांतीच्या धामधुमीत ते लपून राहिले, पकडले गेले आणि १७९४ मध्ये कैदेतच वारले. लेक लहान होती. सोफीबाईंनी छोटी व्यक्तिचित्रं रंगवून आणि पॅरिसमध्ये कपड्यांचं दुकान चालवून घर सांभाळलं.

नियम सोडा, असं त्या म्हणत नाहीत. कळवळ्याला विचाराची जोड मिळाली की न्याय कळतो, असं त्यांचं सांगणं. आमच्या गटानं त्यावरून एक ठरवलंय. हप्ता चुकला तर आधी दोघीजणी तिच्या घरी जाऊन येतील. दंडाचं बोलणं त्यानंतर. तुमच्या गटात काय करता, आम्हाला जरूर कळवा.