दिनविशेष : २६ जानेवारी
शंटिंगच्या इंजिनाचे गाव

देश प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, २६ जानेवारी १९५० रोजी, पश्चिम बंगालमधील चित्तरंजन येथे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. तेथले पहिले वाफेचे इंजिन 'देशबंधू' राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राष्ट्राला अर्पण केले. ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. त्याच कारखान्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेले 'डब्ल्यूडीएस-४' हे शंटिंगचे डिझेल इंजिन मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही, याची खंत वाटते. यार्डात डबे जोडायचे, तोडायचे, मालगाडी रांगेला लावायची, हे त्याचे काम. ताकद सुमारे ६०० ते ७०० अश्वशक्ती, तीन आस, आणि चाकांना जोडणारे दांडे अगदी वाफेच्या इंजिनासारखे! आत मात्र डिझेल इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून चाकांपर्यंत पोहोचते. म्हणूनच जड रेक हलवताना सुरुवात अलगद होते. शक्ती पोहोचवण्याची ही 'सुरी ट्रान्समिशन' पद्धत भारतीय अभियंते मनमोहन सुरी यांची देणगी.

नावातला 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज. निजामाच्या काळापासून आपल्या जालन्यातून जाणारा रेल्वेमार्ग मात्र मीटरगेज होता, त्यामुळे त्या रुळांवर हे इंजिन चालणे शक्यच नव्हते. रूळ रुंद झाले ते नव्वदच्या दशकात. आज स्टेशनात गाडीची वाट पाहताना नजर साहजिकच वंदे भारतकडे जाते. पण बाजूच्या रुळावर डबे हलवणारे इंजिन दिसले, तर क्षणभर थांबून त्याच्याकडेही अवश्य पाहावे.