देऊळ कोणाचे म्हणावे?



जोते, खांब, तुळई, सभामंडप, गाभारा, शिखर, कळस हे शब्द करडीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. आपली वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याला जाते. तेथे हे सारे भाग दगडात घडविलेले पाहावयास मिळतात. एवढी पुंजी जवळ असली म्हणजे ग्रीक व रोमन देवळेही परकी वाटत नाहीत.

ग्रीक देवळाच्या जोत्याला चारी बाजूंनी पायऱ्या असत. रोमनांचे जोते उंच, आणि पायऱ्या समोरूनच. मूर्तीच्या खोलीला ग्रीक लोक नाओस व रोमन लोक सेला म्हणत. तो त्यांचा गाभारा. खांबांच्या मुख्य जाती तीन. ग्रीकांच्या डोरिक खांबाला बैठक नसते, आयोनिकच्या माथ्यावर गुंडाळीसारखे वळसे असतात, तर कोरिंथियनच्या माथ्यावर पाने कोरलेली असतात. आपल्याकडे गाभाऱ्यावर शिखर चढते. तेथे उतरते छप्पर, व त्याच्या दर्शनी त्रिकोणास पेडिमेंट म्हणतात. परंतु खांबावर आडवी तुळई ठेवून भार खाली उतरवावयाचा, ही युक्ती दोन्हीकडे एकच.

चुन्यावाचून दगडावर दगड बसविलेल्या आपल्या देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री. अंबरनाथच्या शिवालयावरील लेख मात्र शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. दोनशे वर्षे आधीच्या पाथरवटांचे कसब आपण सहज एका मंत्र्याच्या नावे जमा करून टाकले!

अथेन्सकरांनी निराळे केले. इ. स. पूर्व ४०९ च्या सुमारास एरेक्थिऑन या देवळाचे अपुरे काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्याचा हिशेबच त्यांनी दगडावर कोरून ठेवला. खांबांच्या उभ्या खाचा कोणी काढल्या, त्यांची नावे त्यात आहेत. नागरिक, परदेशी रहिवासी व गुलाम यांचा रोज सारखाच, एक द्राख्मा. देखरेख करणाऱ्या वास्तुकारालाही दिवसाला तेवढाच. मूर्तिकाम अंगावर दिलेले, बहुतेक मूर्तींना प्रत्येकी साठ द्राख्मा. हजारी विड्यांवर मजुरी घेणाऱ्या आमच्या भंडाऱ्याच्या कामगारास हा हिशेब तत्काळ उमगेल. गुलामाचा रोज बहुधा त्याचा धनीच उचलीत असे, हेही विसरता कामा नये. तरी नाव राहिले.

त्याच देवळाच्या एका सज्जाचे छप्पर सहा दगडी कुमारिकांनी डोक्यावर तोलले आहे. आपल्या देवळांतही तुळईखाली वाकलेला बुटका कीचक असतो. भार कोणाच्या अंगावर आहे, हे घडविणारा जाणून होता.

आज गावोगाव जीर्णोद्धार होतात आणि देणगीदारांच्या नावांची फरशी भिंतीत बसते. आमची सूचना इतकीच, की तिच्याखाली आणखी एक फरशी बसवावी. तीवर गवंडी, पाथरवट, सुतार व मजूर यांची नावे आणि प्रत्येकास दिलेला रोज लिहावा.